गोष्टीतला कोल्हा कोण? : मन वळवण्याचं साधन म्हणून बोधकथा



आजची सुरुवात एका अर्धवट सोडलेल्या गोष्टीने करू या. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातलं अथेन्स. डेमाडीस नावाचा वक्ता भर सभेत राज्यकारभाराबद्दल बोलतोय आणि लोकांचं अजिबात लक्ष नाही. शेवटी तो म्हणतो, इसापची एक गोष्ट सांगू का? लगेच सगळे सरसावून बसतात. तो सांगतो : डिमीटर देवी, एक पाकोळी आणि एक वाम मासा असे तिघे एका वाटेने निघाले. वाटेत नदी लागली. पाकोळी उडून पलीकडे गेली, वाम पाण्यात शिरली. एवढं बोलून तो गप्प. लोक विचारतात, अहो, आणि देवीनं काय केलं? डेमाडीस म्हणतो, देवी तुमच्यावर रागावली आहे. गावाची कामं सोडून गोष्टी ऐकत बसता म्हणून.

ही गोष्ट इसापच्या नावावरच्या संग्रहातच आलेली आहे. म्हणजे गोष्टीचा लोकांवर किती जोर चालतो, हे त्या काळी गोष्ट सांगणाऱ्यांनाही चांगलं ठाऊक होतं. आज आपण त्या जोराबद्दल बोलणार आहोत. कोल्हा, सिंह, उंदीर, गाढव यांच्या ज्या गोष्टी आपण आज मुलांना सांगतो, त्या जुन्या काळी सभेत, न्यायालयात आणि दरबारात मोठ्या माणसांना सांगितल्या जात. सांगणाऱ्याला समोरच्याकडून काहीतरी करून घ्यायचं असे. मत हवं असे, माफी हवी असे, कधी कोणाचा तरी जीव हवा असे. तेव्हा गोष्ट मन कशी वळवते, कोणाच्या हातात ती काय करते आणि ऐकणाऱ्याने सावध कधी व्हायचं, या तीन गोष्टी आज पाहू.

ॲरिस्टॉटलचा हिशेब

वक्तृत्वकलेवरच्या आपल्या ग्रंथात ॲरिस्टॉटल उदाहरणांचे दोन प्रकार करतो. एक, खरोखर घडून गेलेल्या घटना. दोन, आपण रचलेली उदाहरणं. बोधकथा दुसऱ्या प्रकारात येतात. नमुना म्हणून तो दोन गोष्टी देतो आणि दोन्ही राजकीय आहेत.

पहिली सिसिलीतल्या हिमेरा या नगराची. तिथल्या लोकांनी फॅलारिस नावाच्या माणसाला सर्वाधिकार असलेला सेनापती नेमलं होतं आणि आता त्याला स्वतःचे अंगरक्षकही द्यायचं चाललं होतं. तेव्हा स्टेसिकोरस या कवीने लोकांना गोष्ट सांगितली. एक घोडा कुरणात एकटाच चरत असे. एक काळवीट तिथे येऊन कुरण तुडवू लागलं. घोड्याने माणसाकडे मदत मागितली. माणूस म्हणाला, करतो की, फक्त तोंडात लगाम घालून घे आणि मला भाला घेऊन पाठीवर बसू दे. घोडा कबूल झाला. काळविटाचा सूड राहिला बाजूला, घोडा मात्र कायमचा गुलाम झाला. मग कवी म्हणतो, लगाम तुम्ही घातलेलाच आहे. अंगरक्षक दिलेत की तो पाठीवर बसला म्हणून समजा.

दुसरी गोष्ट खुद्द इसापची. सामोस बेटावर एका लोकनेत्यावर खटला चालू होता, शिक्षा मरणाची होती आणि इसाप त्याच्या बाजूने बोलत होता. तो म्हणाला, एक कोल्ही नदी ओलांडताना कपारीत अडकली. बाहेर पडता येईना आणि अंगभर गोचीड लागले. साळिंदरासारखे काटे असलेला एक लहानसा प्राणी तिथून जात होता. त्याला दया आली. म्हणाला, गोचीड काढू का? कोल्ही म्हणाली, नको. हे आहेत त्यांची पोटं भरलीत, आता ते फारसं रक्त पीत नाहीत. हे काढलेस तर नवे भुकेले येतील आणि उरलंसुरलं रक्तही पिऊन टाकतील. मग इसाप म्हणतो, सामोसच्या लोकांनो, हा माणूस आता श्रीमंत झालाय, तो तुम्हाला आणखी लुटणार नाही. याला माराल तर दुसरे गरीब येतील आणि तुमचा खजिना रिकामा करतील.

या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिली लोकांना हुकूमशहापासून सावध करते. दुसरी चक्क लुटारू पुढाऱ्याला वाचवण्यासाठी सांगितली आहे, आणि आरोप खोटा आहे असं इसाप एका शब्दानेही म्हणत नाही. दोन्ही गोष्टींची घडण मात्र सारखीच आहे. ॲरिस्टॉटलचा शेराही लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो म्हणतो, बोधकथा लोकांच्या सभेत फार उपयोगी पडतात, कारण घडून गेलेली जुळती घटना शोधणं कठीण, गोष्ट रचणं सोपं. पण निर्णय घ्यायचा असेल तर खऱ्या घटना अधिक कामाच्या, कारण पुढे होणारं बहुतेक वेळा मागे झालेल्यासारखंच असतं. म्हणजे गोष्ट स्वस्त पडते आणि पुरावा महाग. ही तक्रार सव्वादोन हजार वर्षांहून जुनी आहे.

सूत्र, दृष्टांत, दार्ष्टांतिक

गोष्ट आतून कशी चालते हे समजून घ्यायला एक मराठी चौकट फार कामाला येते. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी आपलं तत्त्वज्ञान लोकांना मराठीत, बोलता बोलता, साध्या दृष्टांतांतून सांगत. पुढे केशोबासांनी ते 'दृष्टांतपाठ' या ग्रंथात एकत्र केले. त्यात प्रत्येक ठिकाणी तीन भाग आहेत. सूत्र म्हणजे सांगायचा सिद्धांत. दृष्टांत म्हणजे गोष्ट. आणि दार्ष्टांतिक म्हणजे गोष्टीतलं काय प्रत्यक्षातल्या कशाला लावायचं, याची उकल. सूत्र आणि दृष्टांत चक्रधरांचे, आणि दार्ष्टांतिक केशोबासांनी जोडलेलं, असं मानलं जातं.

या तीन भागांतला सगळ्यात महत्त्वाचा भाग आपण नेहमी विसरतो, तो म्हणजे दार्ष्टांतिक. घोडा आणि माणसाची गोष्ट ऐकताना आपण चटकन मान डोलावतो : घोडा मूर्खच. ते खरंच आहे, गोष्टीत तो मूर्ख आहेच. पण 'हिमेराचे लोक म्हणजे घोडा आणि फॅलारिस म्हणजे माणूस' हे गोष्टीने सिद्ध केलेलं नाही. ते कवीने शेवटी जोडलं. आपली मान मात्र त्याच्या आधीच डोललेली असते.

आमच्या मते बोधकथेचा सगळा जोर इथे आहे. निवाडा आपण आधी देऊन बसतो, आणि आरोपी कोण ते मागाहून कळतं.

राजासमोर उभा राहिलेला माणूस

हीच युक्ती दुबळ्याच्या हातात आली की काय होतं, याचं सगळ्यात नेमकं उदाहरण बायबलच्या जुन्या करारात आहे. दावीद राजाने उरिया या आपल्या सैनिकाच्या बायकोशी संबंध ठेवला आणि मग उरियाला लढाईत मुद्दाम पुढे पाठवून मारवलं. राजाला हे तोंडावर कोण सांगणार? नाथान संदेष्टा राजाकडे जातो आणि फिर्याद मांडावी तशी एक हकिगत सांगतो. एका गावात एक श्रीमंत आणि एक गरीब. श्रीमंताकडे मेंढ्यांचे कळप. गरिबाकडे एकच कोकरू, त्याच्या ताटात जेवणारं, त्याच्या कुशीत झोपणारं. श्रीमंताकडे पाहुणा आला, तर त्याने आपल्या कळपाला हात न लावता गरिबाचं कोकरू कापलं. राजा संतापतो. म्हणतो, तो माणूस मरणाच्या लायकीचा आहे, चौपट भरपाई घ्या त्याच्याकडून. नाथान म्हणतो, तो माणूस तूच.

नाथानने सरळ आरोप केला असता तर राजाने स्वतःचा बचाव केला असता. इथे त्याला बचाव करायला जागाच राहिली नाही, कारण निकाल त्याने स्वतःच दिला होता.

रोममध्ये पहिल्या शतकात फीड्रस नावाचा लेखक होऊन गेला. तो आधी गुलाम होता, नंतर मुक्त झाला. इसापच्या गोष्टी त्याने लॅटिन पद्यात आणल्या. त्याच्या तिसऱ्या पुस्तकाच्या सुरुवातीला तो सांगतो की ही कथापद्धती निघालीच मुळी गुलामांमुळे. मालकाला मनातलं उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून गुलामाने ते हसऱ्या गोष्टीत लपवलं. इसापही गुलाम होता, असं हेरोडोटस लिहितो. पण लपवणं दर वेळी साधतंच असं नाही. सम्राट तायबेरियसचा उजवा हात असलेला सेजानस आपल्यावर उलटला, असं फीड्रस स्वतःच नोंदवतो. दार्ष्टांतिक त्याने लिहिलं नव्हतं, ते सत्तेने आपलं आपण ओळखलं.

रोमचं पोट

आतापर्यंत गोष्ट खालून वर जात होती. आता ती वरून खाली येताना पाहू. इसवी सनापूर्वी ४९४. रोममधले सामान्य लोक, ज्यांना प्लेबियन म्हणत, कर्जाने पिचलेले होते. कर्ज फिटलं नाही की माणूस सावकाराच्या ताब्यात जाई. युद्धावर जायचं यांनीच आणि परत येऊन साखळदंडात पडायचंही यांनीच. शेवटी ते सगळे शहर सोडून तीनेक मैलांवरच्या एका टेकडीवर जाऊन बसले. एका अर्थाने हा संपच. शहर घाबरलं. सरदारवर्गाने मेनेनियस अग्रिपाला बोलणी करायला पाठवलं.

इतिहासकार लिव्ही सांगतो की मेनेनियसने फक्त एक गोष्ट सांगितली. एकदा शरीराचे अवयव पोटावर रुसले. आम्ही राबायचं आणि या पोटाने मधे बसून नुसतं खायचं? हाताने घास उचलायचा नाही, तोंडाने घ्यायचा नाही, दातांनी चावायचा नाही असं ठरलं. पोट उपाशी पडलं, पण सगळं शरीरच गळून गेलं. तेव्हा अवयवांना कळलं की पोट नुसतं खात नाही, तर अन्नाचं रक्त करून सगळ्यांना वाटतं. लोकांचा राग शांत झाला आणि ते परतले.

आता चक्रधरांच्या चौकटीतून पाहू. दृष्टांत बरोबर आहे, पोटाशिवाय शरीर चालत नाही. दार्ष्टांतिक तपासा. कोणाचं पोट हाताला कर्जापायी साखळीत घालतं? शरीरात हात कधी पोट होऊ शकत नाही. रोममध्ये मात्र कोण सरदार आणि कोण सामान्य, ही माणसांनीच घातलेली वाटणी होती. गोष्टीने ती गुपचूप निसर्गाची करून टाकली.

समाजाला देहाची उपमा देणं आपल्याला नवं नाही. ऋग्वेदातल्या पुरुषसूक्तात चार वर्ण एका पुरुषाच्या मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांच्याशी जोडले आहेत. ती बोधकथा नाही, पण उपमेचं काम तेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'हू वेअर द शूद्राज?' या १९४६ च्या ग्रंथात या सूक्ताची कठोर चिकित्सा केली आहे. देह एक, म्हणून सगळे एक, असं ऐकायला बरं वाटतं. पाय कोणी व्हायचं, हा प्रश्न तेवढा मागे राहतो.

पण लिव्हीचं पुढचं वाक्य बहुतेक जण सांगत नाहीत, ते आम्ही मुद्दाम सांगतो. टेकडीवरचे लोक नुसती गोष्ट ऐकून उठले नाहीत. वाटाघाटी झाल्या आणि ट्रिब्यून नावाचे अधिकारी मिळाले. ते सामान्यांतलेच असायचे, सरदारवर्गाला ते पद बंद, आणि त्यांच्या अंगाला हात लावणं निषिद्ध. हे पद पुढे शतकानुशतकं टिकलं. गोष्टीने बोलण्याचं दार उघडलं असेल, पण आत जाऊन त्या लोकांनी लेखी दिल्यासारखं पक्कं काहीतरी हातात घेतलं. शेक्सपिअरने १६०८ च्या सुमारास 'कोरिओलेनस' लिहिलं, त्यात मेनेनियस हीच गोष्ट सांगू लागतो. तिथला एक नागरिक त्याला सारखा मधेच अडवतो आणि पोटाची गोष्ट आम्हाला लावताय ती कशी, हे विचारतो. आम्हाला तो नागरिक फार आवडतो.

दमनकाच्या गोष्टी

आता आपल्याकडे येऊ. पंचतंत्राची चौकट सगळ्यांना माहीत आहे : अमरशक्ती राजाची तीन अडाणी मुलं, आणि त्यांना सहा महिन्यांत राजनीती शिकवण्याची विष्णुशर्म्याची प्रतिज्ञा. पण या ग्रंथाची खरी गंमत अशी की गोष्टी प्राणीच एकमेकांना सांगतात, आणि बहुतेक वेळा काहीतरी साधण्यासाठी.

'मित्रभेद' या पहिल्या तंत्रात पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री होते. दमनक कोल्ह्याला ती मोडायची आहे. तो सिंहाला एक गोष्ट सांगतो. राजाच्या पलंगात मंदविसर्पिणी नावाची ऊ सुखाने राहत होती. अग्निमुख नावाचा ढेकूण आला आणि तिने त्याला आसरा दिला. ढेकणाला दम निघेना, तो राजाला भलत्या वेळी चावला. नोकरांनी पलंग तपासला, ढेकूण फटीत पसार आणि ऊ मात्र सापडून मेली. तात्पर्य, ज्याचा स्वभाव माहीत नाही त्याला आसरा देऊ नये.

गोष्ट चांगली आहे, तात्पर्यही व्यवहारी आहे. पण संजीवकाचा काही गुन्हाच नव्हता. सिंहाने बैलाला मारलं आणि दमनक मंत्रिपदावर राहिला. चांगली गोष्ट खोट्या कामासाठी कशी वापरतात, हे पंचतंत्राने राजपुत्रांसमोर उघडं करून ठेवलं. गोष्ट सांगायला शिका, आणि दमनक गोष्ट सांगू लागला की ओळखायलाही शिका.

हा ग्रंथ सहाव्या शतकात इराणच्या खुस्रो राजासाठी बुर्झोयने पहलवी भाषेत नेला. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने तो अरबीत आणला, 'कलीला व दिम्ना' म्हणून. करटक झाला कलीला आणि दमनक झाला दिम्ना. अरबी पुस्तकात एक प्रकरण आहे जे संस्कृतात नाही : दिम्नावर खटला चालतो आणि त्याला मरणाची शिक्षा होते. बहुतेक अभ्यासक हे प्रकरण इब्न अल-मुकफ्फाने स्वतः घातलं असं मानतात. तो दरबारी चिटणीस होता, सत्तेच्या फार जवळ वावरलेला, आणि शेवटी त्यालाही मारण्यात आलं. कान भरणारा शिक्षेवाचून सुटतो, हे त्याला सहन झालं नसावं.

गोष्ट शाळेत गेली

मग या गोष्टी मुलांच्या कशा झाल्या? जॉन लॉकने १६९३ मध्ये शिक्षणावरच्या आपल्या पुस्तकात, मुलाला वाचायला लागल्यावर इसाप द्यावा, अशी शिफारस केली. युरोपात शाळा वाढल्या तसा इसाप पाठ्यपुस्तकात स्थिरावला. मराठीतही तो फार लवकर आला. तंजावरला सरफोजीराजांनी १८०६ मध्ये 'बालबोध मुक्तावली' छापून घेतलं, ते इसापच्या गोष्टींचं मराठी रूप. नावातच 'बाल' आहे. शाळेत गोष्ट आली तेव्हा तिच्याबरोबर 'तात्पर्य' छापून आलं. दार्ष्टांतिक तयार, मुलाने फक्त पाठ करायचं. गोष्ट कोणी, कोणाला, कशासाठी सांगितली होती, हे निघून गेलं. आपण सगळे तशाच गोष्टी ऐकून मोठे झालो, म्हणून मोठेपणीही तात्पर्य आलं की वाद संपला असं आपल्याला वाटतं.

आजची उदाहरणं घ्या. हळूहळू तापणाऱ्या पाण्यात बेडूक बसून राहतो आणि उकडून मरतो, ही गोष्ट कंपन्यांच्या प्रशिक्षणापासून निवडणुकीच्या भाषणापर्यंत सगळीकडे ऐकू येते. प्रत्यक्षात धडधाकट बेडूक पाणी असह्य होऊ लागलं की बाहेर पडायला धडपडतो. गोष्ट म्हणून ती चालेल, पण लोक ती शास्त्र म्हणून सांगतात. २०१० च्या सुमारास ग्रीस कर्जात बुडाला, तेव्हा युरोपातल्या चर्चेत मुंगी आणि नाकतोड्याची गोष्ट पुन्हा बाहेर निघाली. उत्तरेतले लोक मुंग्या, ग्रीक म्हणजे उन्हाळाभर गाणारा नाकतोडा. पण इसापच्या मुंगीने नाकतोड्याला कर्ज दिलं नव्हतं, त्यावर व्याज घेतलं नव्हतं, आपला माल त्याला विकला नव्हता. खऱ्या मुंग्यांच्या बँकांनी हे सगळं केलं होतं. तेवढा भाग गोष्टीत बसत नव्हता, म्हणून तो चर्चेतूनच गळला.

ऐकणाऱ्यासाठी तीन प्रश्न

तेव्हा कोणी गोष्ट सांगू लागलं की तीन प्रश्न विचारायची सवय लावू या. पहिला : ही गोष्ट कोण सांगतंय आणि मी नक्की काय करावं अशी त्याची इच्छा आहे? दुसरा : गोष्टीतला प्राणी आणि प्रत्यक्षातला माणूस यांची जोडी कोणी लावली, आणि ती कुठे जुळत नाही? तिसरा : हीच गोष्ट दुसऱ्या प्राण्याने सांगितली तर कशी होईल? हाताने सांगितलेली पोटाची गोष्ट, बैलाने सांगितलेली सिंहाची गोष्ट.

व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, की मग घरी मुलांना इसापनीती सांगायची की नाही? जरूर सांगा. फक्त तात्पर्य लगेच सांगू नका. गोष्ट संपली की विचारा, 'तुला यातलं कोण व्हायला आवडेल? आणि त्याचं काय चुकलं?' मुलं भलतीच उत्तरं देतात. कोल्हीच्या अंगावरच्या गोचिडांची गोष्ट सांगितलीत तर एखादं पोर हमखास म्हणेल, की गोचीड काढायचे आणि मग तिला कपारीतून बाहेरही काढायचं ना!

सामोसच्या सभेत हे कोणी म्हणालं की नाही, याची नोंद नाही. म्हणायला हवं होतं. इसापने दोनच पर्याय ठेवले होते, भरलेले गोचीड किंवा भुकेले गोचीड, आणि कोल्हीला बाहेर काढण्याचा तिसरा पर्याय गोष्टीत ठेवलाच नव्हता.

आज इथेच थांबू.